ठरावात ‘अनैतिक’ लिहिण्याआधी

प्रश्न: एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव असलेल्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारं जोडपं अविवाहित आहे, हे अलीकडे सगळ्यांना कळलं. राहायला येताना सोसायटीच्या फॉर्मवर दोघांनी ‘पती-पत्नी’ असं लिहिलं होतं. फ्लॅटमालकांना खरं काय ते माहीत होतं. दोघंही नोकरी करतात, त्यांच्याबद्दल आवाजाची किंवा भांडणाची एकही तक्रार नाही. तरीही ‘अनैतिक वर्तन करणाऱ्यांना सोसायटीत भाड्याने जागा देऊ नये’ असा ठराव येत्या वार्षिक सभेत आणायची काहींची मागणी आहे आणि मसुदा करायचं काम सचिवांवर आलं आहे. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, “बहुसंख्यांना मान्य ती नैतिकता.” कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, “आई, नैतिकता ज्याची त्याची. तू कोण ठरवणार?” ताई लिहितात, ‘लग्नाशिवाय एकत्र राहणं मलाही पटत नाही. पण तो शब्द लिहायला पेन पुढे सरकत नाही. नैतिकता म्हणजे नेमकं काय? तत्त्वज्ञांनी काही व्याख्या केली असेलच ना? आणि मी आता काय करू?’

ताई,

तुमचं पेन अडलं ते योग्य ठिकाणी अडलं. आधी व्याख्येचा प्रश्न घेऊ, कारण मसुद्याचं काय करायचं ते त्यातूनच सुचेल.

‘नैतिकता’ हा शब्द आपण दोन वेगळ्या कामांसाठी वापरतो. पहिलं काम वर्णनाचं: एखाद्या समाजात, पंथात किंवा घरात काय योग्य मानलं जातं ते सांगायचं. ‘एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात ब्राह्मण विधवेचं केशवपन नीतीला धरून मानलं जाई’ हे वाक्य या प्रकारचं आहे. ते खरं आहे, आणि ते लिहिणारा इतिहासकार त्यामुळे केशवपनाचा समर्थक ठरत नाही. दुसरं काम निवाड्याचं. ‘केशवपन अनैतिक होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या काळच्या लोकमताची बातमी देत नसतो. लोकांना काहीही वाटत असो, त्या बाईवर अन्याय होत होता, असा आपला दावा असतो. इंग्लंडमधले कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६३ साली या दोहोंत स्पष्ट रेघ ओढली होती: एक प्रत्यक्ष प्रचलित असलेली नीती, आणि दुसरी त्या प्रचलित नीतीलाच तपासणारी चिकित्सक नीती.

तुमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांचं वाक्य पहिल्या अर्थाने चुकीचं नाही. बहुसंख्य सभासदांना लग्नाशिवाय एकत्र राहणं अयोग्य वाटत असेल, तर ही तुमच्या इमारतीची प्रचलित नीती झाली. अडचण पुढे येते. ठरावातला ‘अनैतिक’ हा शब्द नुसती नोंद करत नाही, तो निवाडा देतो आणि त्या निवाड्यावरून माणसांना घराबाहेर काढतो. हा अधिकार बहुमतातून मिळतो असं धरलं तर काय होतं ते पाहा. गोपाळ गणेश आगरकर जिवंत असताना पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तेव्हा बहुमत त्यांच्या बाजूला नव्हतं. ‘बहुमत म्हणजेच नैतिकता’ ही व्याख्या खरी असेल, तर हे तिघंही त्या दिवशी अनैतिक होते आणि लोकमत बदलल्यावर नैतिक झाले. असं कुणालाच म्हणायचं नसतं, तुमच्या ज्येष्ठ सभासदांनाही नसेल. समाज सुधारला असं म्हणता येण्यासाठी समाजाच्या मताबाहेरचं काही तरी माप लागतंच.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. ते उदार वाटतं, पण त्याची घडण ज्येष्ठांच्या वाक्यासारखीच आहे. फक्त माप समाजावरून एका माणसावर आणलं आहे. शिवाय ते स्वतःलाच खोडतं. ‘दुसऱ्याच्या आयुष्याचा निवाडा करायचा तुला अधिकार नाही’ हे तो सगळ्यांना लागू असलेलं तत्त्व म्हणून सांगतो आहे. नैतिकता खरोखर ज्याची त्याची असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्यांना हाकलणं हीसुद्धा हाकलणाऱ्यांची आपली नैतिकता ठरेल आणि त्याला हरकत घेता येणार नाही. इंग्लिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७२ मध्ये ही गफलत उलगडून दाखवली होती: सगळ्या नीती सापेक्ष आहेत, असं आधी म्हणायचं आणि ‘म्हणून दुसऱ्यात ढवळाढवळ करू नये’ हा निरपेक्ष नियम त्यातून काढायचा. मुलाला जे म्हणायचं आहे ते मला वाटतं चांगलं आहे, त्याने दिलेलं कारण मात्र कच्चं आहे. त्याच्याशी बोलाल तेव्हा हे जरूर सांगा.

मग निवाड्याच्या अर्थाने नैतिकता म्हणजे काय? सगळ्या तत्त्वज्ञांना मान्य असलेली एकच व्याख्या नाही. तुमच्या कामाला सर्वांत उपयोगी पडेल अशी मांडणी अमेरिकन तत्त्वज्ञ बर्नार्ड गर्ट यांची आहे. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग याच एका प्रश्नावर घालवला. त्यांच्या मते नैतिकता ही एक अनौपचारिक, सार्वजनिक व्यवस्था आहे. ती सर्व विवेकी माणसांना लागू असते, इतरांवर ज्याचा परिणाम होतो अशा वर्तनाबद्दल ती बोलते, आणि माणसांना होणारी हानी कमी करणं हा तिचा हेतू असतो.

यातला एकेक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. ‘सार्वजनिक’ म्हणजे ज्याला ती लागू होते त्या प्रत्येकाला ती कळू शकली पाहिजे आणि ती पाळणं त्याच्या दृष्टीने अविवेकी असता कामा नये. ज्या नियमाचं कारण फक्त एका धर्मग्रंथावर किंवा एका जातीच्या रीतीवर उभं आहे, तो त्या ग्रंथाबाहेरच्या माणसाला कळण्याची सोयच नाही. म्हणून तो त्या धर्माचा नियम असू शकतो, सर्वांवर बंधनकारक नीती नाही. ‘अनौपचारिक’ म्हणजे जिथे शेवटचा निकाल देणारा पंच नाही. क्रिकेटमध्ये अंपायर असतो, कायद्यात न्यायाधीश असतो. नीतीत कोणालाही ते पद नाही, म्हणून व्यवस्थापक समितीलाही नाही.

गर्ट यांनी सर्वसाधारण नैतिक नियमांची यादीही दिली आहे, अवघी दहा नियमांची. जीव घेऊ नका, वेदना देऊ नका, कुणाला अपंग करू नका, स्वातंत्र्य हिरावू नका, सुख हिरावू नका. हे पाच थेट हानीचे. फसवू नका, दिलेलं वचन पाळा, लबाडी करू नका, कायदा पाळा, आपलं कर्तव्य करा. हे पाच, जे मोडले की बहुधा हानी होतेच असे. नियम मोडायला कधी कधी पुरेसं कारण असतं, हेही ते मान्य करतात, पण त्यासाठी एक कसोटी लावतात: अशा परिस्थितीत हा नियम मोडायला सगळ्यांना मुभा आहे, हे जाहीर झालेलं तुम्हाला चालेल का?

आता ही यादी तिसऱ्या मजल्यावर लावून पाहा. दोन सज्ञान माणसांनी संमतीने एकत्र राहण्यात दहापैकी एकही नियम मोडत नाही. कायद्याच्या बाजूनेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात सांगितलं की सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. पण त्यांनी फॉर्मवर जे लिहिलं, ते सहाव्या नियमात बसतं. तुमच्या पत्रात ही गोष्ट एका वाक्यात येऊन गेली आहे, आणि सभेच्या मागणीत तर ती कुठेच नाही. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात नैतिक म्हणावा असा प्रश्न नेमका तिथेच आहे.

खोटं बोलणं केव्हा क्षम्य, यावर फार विचार झालेला आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मध्ये टोकाची भूमिका घेतली: मित्राचा जीव घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा मित्र कुठे लपला आहे याबद्दल खोटं सांगायचं नाही. आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो ती याच्या अगदी उलट आहे. सत्यव्रती कौशिकाने पळणाऱ्या लोकांची वाट दरोडेखोरांना खरी सांगितली, लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्याचे असे अपवाद पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांची मतं शेजारी ठेवून तपासले आहेत. ते प्रकरण वेगळं काढून वाचावं असं आहे.

तुमच्या भाडेकरूंचं खोटं जीव वाचवायचं नव्हतं, घर मिळवायचं होतं. गर्ट यांची कसोटी लावली तर ते पुरतं सुटत नाही: भाड्याचं घर घेताना फॉर्मवर सोयीचं लिहायला सगळ्यांना मुभा दिली तर ती नोंदवही आग लागली किंवा कुणी अचानक आजारी पडलं तर उपयोगाची राहणार नाही. म्हणून ती चूक आहे, आणि ती दुरुस्त व्हायला हवी. पण प्रामाणिकपणे फॉर्मकडेही पाहा. जो प्रश्न विचारायची सोसायटीला गरजच नव्हती, आणि ज्याचं खरं उत्तर दिलं तर घर मिळत नाही हे भाडेकरूला आधीच माहीत होतं, तो प्रश्न छापून आपणही खोट्याला वाट करून दिली.

आता तुमच्या स्वतःच्या मनाबद्दल. ‘मलाही पटत नाही’ हे तुम्ही लपवलं नाहीत, याचा मला आदर वाटतो. न पटणं आणि अनैतिक ठरवणं यांत फरक करायची एक सोपी पद्धत मानसशास्त्रात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना विचारलं: बाईंनी परवानगी दिली तर हे करणं चालेल का? शाळेतल्या रिवाजाबद्दल मुलं म्हणाली, मग चालेल. दुसऱ्याला मारण्याबद्दल म्हणाली, तरी नाही चालणार. अगदी छोट्या मुलांनाही रीत आणि नीती यांतला फरक कळतो, असं त्यांनी दाखवलं. तुम्हीही स्वतःला विचारा: उद्या इमारतीतल्या कुणालाच याचं काही वाटेनासं झालं, तर माझी हरकत उरेल का? उरत नसेल तर ती रीत होती.

कदाचित उत्तर येईल, ‘हो, तरी उरेल.’ ज्येष्ठ सभासदांचं तर नक्की येईल, आणि ते हसण्यावारी न्यायचं नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भुवनेश्वरमधल्या अभ्यासात तिथल्या ब्राह्मण रहिवाशांना अनेक प्रसंग सांगून विचारलं होतं. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग त्यांना अत्यंत गंभीर अधर्म वाटला, नुसती रीतभात मोडल्यासारखा नव्हे. कोणाची दृश्य हानी नसतानाही. म्हणजे नैतिकता फक्त हानीपुरती असते, हे सगळ्या माणसांना मान्य नाही. पावित्र्य, कुळाची मर्यादा, नात्यांची वीण यांनाही अनेक जण नीतीच मानतात, आणि त्यात आपल्यापैकी बरेच जण येतात. गर्ट यांची व्याख्या या सर्व अनुभवाला सामावून घेत नाही, हे मान्य करायला हवं.

मग पेच कसा सुटतो? मला स्वतःला इंग्लिश तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांचा १९६१ चा एक निबंध इथे सर्वांत मदतीचा वाटतो. ते म्हणतात, माणसाच्या जगण्याचे आदर्श आणि सामाजिक नैतिकता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आदर्श म्हणजे कसं जगणं सुंदर, कसं जगणं मोठं, याची प्रत्येकाच्या मनातली चित्रं. ती अनेक असतात, एकमेकांना छेदतात, आणि ती तशी असण्यातच माणसाची समृद्धी आहे. सामाजिक नैतिकता म्हणजे इतके वेगळे आदर्श बाळगणाऱ्यांना शेजारी शेजारी राहता यावं म्हणून लागणारे किमान, सर्वांना सारखे असलेले नियम. लग्नाचं पावित्र्य हा तुमचा आदर्श आहे, ताई. तो कमी प्रतीचा नाही, आणि सोडायला तर कुणीच सांगत नाही. त्याप्रमाणे जगा, घरात तसं बोला, मुलालाही सांगा. एकाच जिन्याने वर-खाली करणाऱ्या अठरापगड माणसांवर तो नियम म्हणून लादता मात्र येत नाही.

सभेत यावर एक वजनदार आक्षेप येईल: ‘असं सगळं सोडून दिलं तर समाज टिकायचा कसा?’ हा आक्षेप इंग्लंडमध्ये लॉर्ड डेव्हलिन या न्यायाधीशांनी १९५९ मध्ये नेमकेपणाने मांडला होता. समलैंगिक संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस १९५७ च्या वुल्फेंडन अहवालाने केली, त्यावर त्यांचं म्हणणं होतं की समान नीती हीच समाजाची बांधणी, ती सुटली की समाज विस्कटतो. हार्ट यांनी वर सांगितलेला भेद याच वादात वापरला. एका नियमाबद्दल मतं बदलली म्हणून समाज कोसळतो याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल देताना सामाजिक नैतिकतेपेक्षा संवैधानिक नैतिकतेला, म्हणजे संविधानाच्या मूल्यांना धरून वागण्याला, वरचं स्थान दिलं. हा शब्द डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत वापरला होता, आणि ही वृत्ती माणसात उपजत नसते, जोपासावी लागते, असं बजावलं होतं.

आता मसुदा. ‘अनैतिक’ हा शब्द गाळा आणि त्या जागी काय उरतं ते पाहा. मागणी करणाऱ्यांशी सभेआधी एकेकट्याने बोला आणि प्रत्येकाला एवढंच विचारा: यामुळे तुमचं नेमकं काय बिघडतं? उत्तरं कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. अनुभव असा की उत्तरं तीन तऱ्हेची निघतात. काही खऱ्या उपद्रवाची असतात: रात्रीचा आवाज, अनोळखी माणसांची ये-जा, पार्किंग. काही भीतीची असतात: ‘आमच्या मुलींवर काय परिणाम होईल’, ‘फ्लॅटची किंमत उतरेल’. आणि काही निव्वळ ‘बरं दिसत नाही’ अशी. पहिल्यांसाठी नियम करता येतो. दुसऱ्यांसाठी बोलणं लागतं, आणि ते ज्येष्ठांशी तुम्हीच आदराने केलंत तर जास्त उपयोग होईल. चारचौघांत त्यांना खोडून काढलंत तर ते हट्टाला पेटतील. तिसऱ्यांसाठी नियम करू नये.

उपद्रवाचा नियम लिहिताना वर्तन लिहा, माणसाचा प्रकार लिहू नका. ‘रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करू नये’, ‘सामायिक जागेत सामान ठेवू नये’, ‘लेखी तक्रार आल्यास समिती दोन्ही बाजू ऐकेल’. आणि प्रत्येक वाक्य मालक सभासदांनाही तसंच लागू करा. भाडेकरूला एक आणि मालकाला दुसरा असा नियम निघाला, की समजावं, तो उपद्रवासाठी नाही. ‘अनैतिक’सारखा मोघम शब्द ठरावात राहिला तर तो पुढे कुणावर वापरला जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. आज तो तिसऱ्या मजल्यासाठी आहे, पुढच्या समितीत एकट्या राहणाऱ्या घटस्फोटितेसाठी असेल, किंवा ज्यांच्या घरात मासे शिजतात त्यांच्यासाठी.

फॉर्मही बदलून घ्या. सोसायटीला लागतात ती राहणाऱ्या प्रत्येकाची नावं, फोन नंबर, ओळखपत्राची प्रत, तातडीच्या वेळी कळवायचा नंबर, पोलीस पडताळणी आणि करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे त्याची प्रत मागणं रास्तच. आपसातलं नातं काय, हा रकाना काढून टाका. मग त्या दोघांना भेटा. शक्यतो तुम्ही आणि अजून एक महिला सभासद, बस्स. ‘नव्या फॉर्मवर खरी माहिती भरून द्या, जुना आम्ही रद्द करतो’ एवढं सांगा. खोटं लिहिल्याचं तुम्हाला आवडलं नाही, हेही स्पष्ट सांगा. ते ऐकून घेण्याची जबाबदारी त्यांची आहे. फ्लॅटमालकांनाही सांगा, कारण खरं माहीत असून ते गप्प राहिले.

इतकं करूनही सभेने मूळ ठरावच धरला, तर तुमचा विरोध इतिवृत्तात नावासकट नोंदवून घ्या. आणि सभेला आठवण करून द्या की नुसत्या ठरावाने उपविधी बदलत नाहीत. दुरुस्ती निबंधकांकडे नोंदवली गेल्याशिवाय लागू होत नाही. तोवर त्या ठरावाच्या आधारे कुणाचं पाणी, लिफ्ट किंवा प्रवेश अडवला जात असेल तर सचिव म्हणून त्यावर सही करू नका, आणि सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलांचं मत सोसायटीच्या खर्चाने लेखी मागवा.